आधी केरसुणी, मग व्यासपीठ

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंड जंक्शनच्या अलीकडे, पाटस नावाचे जे लहानसे स्थानक आहे, त्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या मंडळींपैकी एखाद्या तरुणाने, परदेशातील ख्रिस्ती युवक-शिबिरात उन्हाळ्यापुरता स्वयंसेवक म्हणून जाण्याचा आपला मनोदय सहज बोलून दाखविला, तर भोवतालच्या वडीलधाऱ्यांकडून त्याच्यापुढे तीन हरकती ओळीने मांडल्या जातील, याविषयी मला शंका नाही. पहिली हरकत पैशाची, दुसरी धर्माची आणि तिसरी भाषेची. पैशाच्या हरकतीचा निवाडा उसाचे बिल केव्हा जमा होते आणि पतसंस्थेचा व्यवस्थापक कितपत भिडस्त आहे यांवर अवलंबून असल्यामुळे त्यात लेखकाने पडण्याचे कारण नाही, धर्माच्या हरकतीकडे मी पुढे येणारच आहे, परंतु "अरे, तुला तिथली भाषा येत नाही, मग तू तिथं जाऊन करणार काय?" हा जो तिसरा प्रश्न, तो वरकरणी सर्वांत निरुत्तर करणारा असला तरी त्याचे उत्तर पाटसपासून पुण्याच्या दिशेने अवघी दोन स्थानके गेल्यावर, कडेठाण ओलांडून केडगावला उतरले असता, सव्वाशे वर्षांपासून उभे आहे, आणि ते आपल्याच तालुक्यातील लोकांच्या फारसे ध्यानात नसते.

केडगावच्या 'मुक्ती' या आश्रमाचे नाव काढले की पंडिता रमाबाईंचे नाव निघते, आणि रमाबाईंचे नाव निघाले की त्यांच्या धर्मांतरावरून वाद निघतो, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. त्या वादाने रमाबाईंच्या चरित्रातील एक बाजू मात्र झाकून टाकली आहे, ती अशी की परक्या मुलखात, परक्या भाषेत, परक्या माणसांच्या आश्रयाने राहण्याचा, आणि पुढे परक्या माणसांना आपल्या मुलखात, आपल्या भाषेत, आपल्या आश्रितांच्या सेवेसाठी राबवून घेण्याचा असा दुहेरी अनुभव ज्यांच्या वाट्याला आला, अशा मराठी स्त्रिया त्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

१८८३ साली रमाबाई विलायतेस गेल्या तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते, पती निवर्तून एक वर्ष उलटले होते आणि पदराखाली दोन वर्षांची मनोरमा होती. संस्कृतात शास्त्र्यापंडितांना निरुत्तर करून १८७८ साली कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळविणाऱ्या या विदुषीचे इंग्रजीचे ज्ञान त्या वेळी नवशिक्याचेच होते. पुण्याच्या पंचहौदात काम करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींचा जो मूळ मठ इंग्लंडातील वाँटेज येथे होता, तेथे त्यांची राहण्याची तजवीज झाली, आणि त्या तजविजीतील एक कलम मला फार अर्थपूर्ण वाटत आले आहे: हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्या जोगिणींना रमाबाईंनी मराठी शिकवावे, आणि मठाने रमाबाईंच्या निर्वाहाची व शिक्षणाची सोय करावी. म्हणजे जिला त्या देशाची भाषा पुरती अवगत नव्हती, तिने त्या देशात आपला खर्च आपल्या भाषेच्या बळावर भागविला. वैद्यकी शिकण्याचा त्यांचा मूळ संकल्प श्रवणदोषामुळे तडीस गेला नाही. पण पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या शिकल्या आणि तेथेच संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने अमेरिकेस गेल्यावर तर ज्या भाषेत तीन वर्षांपूर्वी त्या नवशिक्या होत्या, त्याच भाषेत त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली, १८८७ साली इंग्रजीत ग्रंथ लिहून तो तेथे खपविला, आणि परत आल्यावर १८८९ साली त्या देशाच्या लोकस्थितीचे वर्णन पुन्हा मराठीत, मराठी माणसासाठी लिहिले.

या वृत्तांतातून आपल्या पाटसच्या तरुणाने पहिली गोष्ट घ्यावी ती ही, की जो परभाषेत मुका असतो तो रिकाम्या हाताने गेलेला नसतो. त्याच्यापाशी त्याची स्वतःची भाषा असते, गाणी असतात, खेळ असतात, भाकरी थापण्याची किंवा विहिरीवरची मोटार दुरुस्त करण्याची विद्या असते. आणि ज्या शिबिरात निरनिराळ्या देशांची मुले एकत्र येतात, तेथे विटी-दांडू शिकविणारा मुलगा हा मोडक्या इंग्रजीत उपदेश करणाऱ्या मुलापेक्षा पुष्कळ अधिक उपयोगी ठरतो.

परंतु परदेशी गेलेल्या रमाबाईंपेक्षाही मला या विषयात अधिक बोलकी वाटते ती केडगावची भूमी. शारदा सदन या रमाबाईंच्या पुण्यातील विधवाश्रमाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून घेतलेल्या या माळरानावर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली रमाबाईंनी आणल्या, आणि पुण्यात प्लेगाच्या बंदोबस्तामुळे त्यांना ठेवणे अशक्य झाले तेव्हा त्यांना येथे हलवावे लागले. इमारती उभ्या राहण्यापूर्वी जे होते ती झापांची आणि तंबूंची वस्ती होती. 'मुक्ती'चा आरंभच मुळी एका छावणीत झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला गुजरातेत संवत्सरावरून 'छप्पनियो' म्हणतात, आणि त्या प्रांतातूनही मुली येऊन दाखल झाल्या. १९०० च्या सुमारास तेथील मुलीबायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एकीची बोली नर्मदेकाठची हिंदी, दुसरीची गुजराती, तिसरीची दख्खनची मराठी, आणि त्यांची देखभाल करायला आलेल्या बायांपैकी कोणी अमेरिकेतून, कोणी इंग्लंडातून, कोणी थेट ऑस्ट्रेलियातून आलेल्या. दौंडातही, ज्याला त्या काळचे साहेब लोक 'धोंड' म्हणत, नॉर्टन नावाच्या अमेरिकी मिशनऱ्याने दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलग्यांसाठी असेच एक गृह चालविले होते. भीमेच्या या अंगाला भाषांची एवढी मोठी सरमिसळ एका वेळी क्वचितच झाली असेल.

आता यांतील परदेशी बायांपैकी सर्वच काही मिनी अब्राम्ससारख्या नव्हत्या. ही अमेरिकी बाई मुंबईत सुमारे दशकभर काम करून १८९८ साली केडगावला आली, त्यामुळे तिला या देशाची वाट ठाऊक होती. परंतु जी बाई बोटीतून उतरून सरळ केडगावच्या गाडीत बसली, तिला पहिल्या दिवशी मराठीचा गंधही नसणार, हे उघड आहे. तिने पहिल्या दिवशी काय केले असेल? जे कोणत्याही काळी कोणीही करू शकतो तेच: जखमा धुतल्या असतील, उवांनी भरलेली डोकी विंचरली असतील, पेज भरविली असेल, शिवणाचा टाका घालून दाखविला असेल, रात्र तापाने फणफणलेल्या पोरीच्या उशाशी बसून काढली असेल. दुष्काळातून आलेल्या मुलीला जे पहिल्यांदा हवे असते, त्यासाठी व्याकरण लागत नाही. मुक्तीत माग चालत, तेलाचे घाणे चालत, गोठा होता, शिवणकाम होते, छापखाना होता; हे सारे धंदे असे, की शिकविणाऱ्याने करून दाखवावे, शिकणाऱ्याने पाहून उचलावे आणि शब्द मागाहून सावकाश यावेत.

येथे माझा मुख्य मुद्दा येतो, आणि तो मी आडपडदा न ठेवता मांडतो. ज्याला भाषा येत नाही त्याने सेवेला जाऊ नये, हे मला मान्य नाही. मात्र ज्याला भाषा येत नाही त्याने व्यासपीठावर चढू नये, ही अट मी घालीन. त्याने स्वयंपाकघरात शिरावे, केरसुणी हातात घ्यावी, पाणी भरावे, सतरंज्या झटकाव्यात, मुलांबरोबर मैदानात धावावे. सेवेच्या नावाने जगभर जो अनर्थ झाला आहे, त्यातला पुष्कळसा, ज्यांना ऐकता येत नव्हते त्यांना बोलण्याचा अधिकार आधी मिळाला, यातून झाला आहे. भाषेची अडचण ही या दृष्टीने पाहिले तर एक उपकारक अडसर आहे. ती आगंतुक माणसाला त्याच्या योग्य जागी, म्हणजे पंक्तीच्या शेवटी, वाढप्याच्या रांगेत उभे करते, आणि तेथे चार दिवस काढल्यावर त्याला जे दिसते ते व्यासपीठावरून जन्मात दिसले नसते.

पश्चिमेतील ज्या चळवळींनी हे ओळखले त्या टिकल्या, असे दिसते. पिएर सेरेसोल हा एका स्वीस राष्ट्राध्यक्षाचा मुलगा. पहिले महायुद्ध संपल्यावर १९२० साली त्याने फ्रान्समध्ये, व्हर्दंच्या रणक्षेत्राजवळच्या एस्न या उद्ध्वस्त खेड्यात, ढिगारे उपसून निवारे बांधण्यासाठी काही स्वयंसेवक गोळा केले, आणि त्यांत जर्मनही होते. कालपर्यंत ज्या भाषेत हुकूम सुटून तोफा डागल्या गेल्या, ती भाषा ज्यांची मातृभाषा, तेच लोक त्या गावात कुदळ घेऊन आले होते. काही महिन्यांनी विरोध होऊन ते काम थांबले. परंतु त्यातून जी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संघटना निघाली, तिने शब्दांपेक्षा कृती हेच आपले ब्रीद ठेवले. १९३४ च्या भूकंपानंतर स्वतः सेरेसोल बिहारात येऊन खेडी उभारण्याच्या कामाला लागला, आणि पुढे १९५० नंतरच्या दशकात याच संघटनेचे तरुण बाबा आमट्यांच्या आनंदवनात येऊन कुष्ठरोग्यांसाठी भिंती बांधू लागले. वरोऱ्याच्या उन्हात विटा वाहणाऱ्या त्या युरोपीय पोरांना वऱ्हाडी बोली येत नव्हती. ज्या माणसांना शिवायला गाव तयार नव्हता, त्यांच्या खांद्याला खांदा लावून ती उभी राहिली, यात जे सांगायचे ते सांगून झाले होते. बाबांनी १९६७ पासून सोमनाथला भरविलेली श्रमसंस्कार छावणी ही याच विचाराची देशी शाखा म्हणता येईल.

फ्रान्समधीलच तेझे या गावी १९४० पासून जो ख्रिस्ती बंधुसमुदाय नांदत आहे, त्याचे उदाहरण तर आपल्या विषयाला अगदी लागू पडणारे आहे. तेथे दर उन्हाळ्यात अनेक देशांतून हजारो तरुण येतात, आलेल्यांपैकीच मंडळी स्वयंपाकाची, वाढण्याची आणि साफसफाईची कामे वाटून घेतात, आणि भाषांच्या या बाजाराने एकत्र कसे गावे, या अडचणीतून तेथे एक युक्ती निघाली: एकदोन ओळींची पदे, पुन्हा पुन्हा, सर्वांनी मिळून म्हणायची. ही युक्ती ऐकून आपल्याकडील माणसाला नवल वाटू नये. आषाढात तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून पाटसला येते, नागेश्वराच्या मंदिरात विसावते, आणि जादा बैलजोड्या जुंपून रोटीचा घाट चढून उंडवडीकडे निघते, तेव्हा वाटेत कानडी मुलखातला वारकरी भेटला तर त्याचे आणि आपले संभाषण दोन वाक्यांत आटोपते. पण 'ज्ञानबा-तुकाराम' हा दोन नावांचा गजर त्याला आणि आपल्याला सारखाच येतो, आणि पाण्याचा तांब्या पुढे करताना कोणी कोणाला मातृभाषा विचारीत नाही. जी गोष्ट तेझेला योजून घडवावी लागली, ती आपल्या वेशीवरून दरसाल चालत जाते.

परंतु एकाच बाजूने लिहीत गेलो तर हा लेख सेवेची जाहिरात होईल, म्हणून उलट बाजूही स्पष्ट मांडतो. शब्द नसले म्हणजे प्रभाव नसतो, असे मुळीच नाही. १८९३ साली शारदा सदनातील मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वाढू लागल्याच्या कारणावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पुण्यात मोठा गहजब झाला. मुलींना उपदेश करून वळविले जाते की रमाबाईंचे राहणे पाहून त्या आपण होऊन वळतात, हा वादाचा मध्यबिंदू होता. आणि रमाबाईंना आपली प्रार्थनेची खोली बंद ठेवणे मान्य नव्हते. हा वाद कोणाच्याही बाजूने सोडविला तरी एक सत्य उरतेच, की पोरके लेकरू ज्याच्या हातचे खाते त्याचे अनुकरण करते. म्हणून "आम्ही तर एक शब्दही बोललो नाही" ही स्वयंसेवकाची सबब पुरेशी नाही. ख्रिस्ती शिबिरात जाणाऱ्या हिंदू, मुसलमान वा बौद्ध तरुणाने, आणि त्याला बोलावणाऱ्या शिबिराने, आपापले हेतू आरंभीच उघड सांगावेत. आणि ज्याला आपल्या श्रद्धेशी प्रतारणा न करता तेथल्या प्रार्थनेच्या वेळी शांत बसता येते, त्यानेच जावे. धर्माच्या हरकतीला माझे उत्तर एवढेच आहे, आणि ते केडगावला येणाऱ्या परदेशी पाहुण्यालाही तितकेच लागू आहे.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. भाषा न जाणणाऱ्याला भरविता येते, पण तक्रार ऐकता येत नाही. शिबिरातील मुलाचे पोट दुखत आहे, त्याला घरची आठवण येत आहे, की कोणी मोठ्या माणसाने त्याला त्रास दिला आहे, हे तिन्ही प्रकार बाहेरून एकाच रडण्यासारखे दिसतात, आणि त्यांतील भेद केवळ त्या मुलाच्या भाषेत कळतो. म्हणून ज्या शिबिरात मुलांभोवती सगळे परभाषिकच आहेत, मुलाची बोली जाणणारे एकही जबाबदार माणूस रात्रंदिवस जवळ नाही, तेथे हाताची सेवा कितीही निर्मळ असली तरी व्यवस्था सदोष आहे, असे मी म्हणेन. परदेशी जाण्याचा अर्ज भरणाऱ्या तरुणाने विमानाच्या भाड्याची चौकशी करण्यापूर्वी ही चौकशी करावी.

आणि शक्य असल्यास त्याआधी आपल्या शिवारात स्वतःची परीक्षा घ्यावी. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना आहे, आणि गळीत हंगाम सुरू झाला की बीड, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या या टापूत उतरतात. पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, पहाटे आईबाप कोयता घेऊन फडात जातात आणि मागे राहिलेल्या पोरांत कित्येकांची घरची बोली बंजाऱ्यांची गोरमाटी असते. ज्याला सातासमुद्रापलीकडे जाऊन परभाषी मुलांची सेवा करायची आहे, त्याने एक रविवार या कोप्यांवर काढला आहे काय? या मुलांच्या बोलीतले दहा शब्द त्याला येतात काय? साने गुरुजींनी 'आंतरभारती'चे स्वप्न पाहिले ते प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकण्याचे. आपली गोष्ट तर एका गावाच्या वेशीच्या आतली आहे. परदेशी जाऊ नये, असे मी याच्या आधारे म्हणत नाही, कारण परक्या मुलखात आपण मुके होतो तेव्हाच घरच्या मुक्यांची व्यथा कळू लागते, आणि ज्याने महिनाभर खुणांनी मीठ मागितले आहे, तो परत आल्यावर कोपीपुढच्या पोराशी अधिक सबुरीने वागेल, असा माझा भरवसा आहे. मात्र परत यावे ते कोपीपर्यंत. छायाचित्रांच्या वहीपाशीच थांबू नये.

तेव्हा फलाटावरच्या त्या तरुणाला मी "जा" असेच सांगेन. जाण्यापूर्वी तेथल्या भाषेतील पन्नास शब्द पाठ कर, आणि त्यांत 'पाणी', 'दुखते', 'पुरे', 'क्षमा करा' आणि 'तुझे नाव काय' हे आधी घे. खिशात एक वही ठेव आणि रोज मुलांकडूनच पाच नवे शब्द लिहून घे. मुलाला गुरू होण्याचा मान मिळाला की तुझे निम्मे काम झाले. जे येत नाही ते येते असे भासवू नकोस. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुकेपणाच्या या सवलतीची मुदत ठरलेली आहे हे विसरू नकोस; महिन्याच्या पाहुण्याला ती शोभते, पण जो राहणार आहे त्याला शोभत नाही.

ही शेवटची गोष्ट रमाबाईंइतकी कोणाला कळली असेल, असे मला वाटत नाही. दोन हजार बायकामुलींच्या पोटापाण्याची जबाबदारी शिरावर असताना, केवळ त्यांना खाऊ घालून त्यांचे समाधान झाले नाही. प्रचलित मराठी बायबल या अशिक्षित बायांना समजत नाही असे दिसताच, वयाची पंचेचाळिशी उलटलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक या भाषा अभ्यासून मूळ ग्रंथाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले, आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यावर खर्चिली. १९२१ साली मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाविषयी कोणाचे काहीही मत असो. तो मुक्तीच्या छापखान्यात छापला गेला, आणि त्याची जुळणी, छपाई व बांधणी तेथल्याच स्त्रियांनी केली. छावणीच्या दिवसांत ज्यांच्याशी केवळ हातांनी बोलता येत होते, त्या आश्रमातील बायांच्याच हातांनी पुढे शिशाचे एकेक अक्षर उचलून त्याची ओळ केली. पाटसहून पुण्याला जाणारी गाडी केडगावला थांबते तेव्हा खिडकीतून हे काही दिसत नाही. म्हणून आपल्या तरुणाने तिकीट विमानाचे काढण्यापूर्वी एकदा केडगावचे काढावे.